माझा खुणेचा शब्द

जे आता सांगणार आहे ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. भावकीत नाही, डेपोतल्या जुन्या दोस्तांत नाही, मारुतीसमोर हात जोडून उभं राहिल्यावरही नाही. त्याला माहीत असेल, पण त्यानं विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही. मग तुम्हालाच का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि खरं विचाराल तर — तुम्ही तरी तुम्हीच कशावरून? हल्ली मी असाच झालोय. जाऊ द्या. बसा.

मी एसटीत कंडक्टर होतो. घनसावंगी, अंबड, जालना, आणि परत. अख्खी हयात ह्याच रस्त्यावर गेली. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं शाळेत दोनदा नापास झालेला मी गावभर मास्तर झालो. संशय घ्यायचा मला पगार मिळायचा. मिसरूड फुटलेल्या पोराला आई मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, "बारकं हाय, मास्तर, अर्धंच द्या." मी आईशी बोलायचोच नाही. पोराला विचारायचो, "काय राव, दाढी कोण्या सलूनात करता?" दुसऱ्याच्या पासावर बसलेला माणूस तर मी मानेवरून ओळखायचो. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाची मान अशी ताठ नसते.

आणि एक युक्ती होती माझी. आरोप करायचा नाही. एक साधा प्रश्न विचारायचा आणि गप्प उभं राहायचं. बाकीची गाडी आपोआप त्या माणसाकडं बघायला लागते. आपल्याला काही करावं लागत नाही.

ही युक्ती लक्षात असू द्या. मला ती नंतर एकदा वापरायची वेळ आली — घरात.

रिटायर झाल्यावर अडीच एकर ऊस, हे माझं राज्य. आता उसाचं तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. लागण केली की कारखान्यात नोंद होते, आणि नोंदीप्रमाणं तोडीचा नंबर लागतो. नंबर आला की चिट्ठी निघते. चिट्ठी निघाली की तोडणाऱ्यांची टोळी फडात उतरते. तोवर ऊस उभा, आणि उसाच्या काळजीनं शेतकरीही उभाच. उसाला तुरा फुटला की वजन उतरायला लागतं. त्या दिवसांत आमच्याकडं माणूस माणसाला "जेवलास का" असं विचारत नाही. "तोड आली का" असं विचारतो. आणि विचारताना समोरच्याचं तोंड नीट बघतो, खोटं बोलतो की काय म्हणून.

माझ्या आधी नंबर होता नामदेवचा. नामदेव भावकीतला, बांधाला बांध. त्याच्या आधी सखूबाईचा. म्हणजे मी तिसरा. कंडक्टर असताना रांग मोडणाऱ्याला मी भर स्टॅंडवर खाली उतरवलाय. म्हणून तर पुढचं सांगायला जीभ अडखळते.

पौषातली एक सकाळ. दहा वाजले असतील. बांधावर बसलो होतो. व्हाट्सपवर मेसेज आला. फोटो कारखान्याच्या शेतकी साहेबाचा, आमच्या गटाच्या चिट्ठ्या काढणाऱ्या. तोच गॉगल, तेच जॅकेट. नंबर नवीन. 'राम राम. जुना फोन बिघडला, हा नंबर घ्या. तुमची चिट्ठी आजच काढता येईल. नोंद पक्की करायला तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, ते मला पाठवा. कोणाला सांगू नका, बाकीचे गोळा होतात.'

तुम्ही म्हणाल, मास्तर, इतकी वर्षं पास तपासले, आणि हे नाही कळलं? नवा नंबर, घाई, कोणाला सांगू नका — सगळी लक्षणं डोळ्यासमोर. जुन्या नंबरावर एक फोन लावला असता तर साहेब स्वतः म्हणाला असता, "मी न्हाई बा." का नाही लावला?

तेच तर सांगतोय. त्या 'कोणाला सांगू नका'नंच मी फसलो. आमच्याकडं खरी सवलत कधी चावडीवर पुकारत नाहीत. ती कानातच सांगतात. टोळीच्या मुकादमाला खुशाली द्यायची तीसुद्धा हात मिळवताना, मुठीतून मुठीत. मेसेजात 'सर्व शेतकऱ्यांना कळविण्यात येते' असं असतं ना, तर मी दहा शंका काढल्या असत्या. कुजबूज होती म्हणून मला ती खरी वाटली. नामदेवच्या आणि सखूबाईच्या पुढं माझी चिट्ठी निघणार — आणि त्यांना कळणारसुद्धा नाही!

सहा आकडे आले. खाली लिहिलेलं होतं की हे कुणाला देऊ नका. मी ते वाचलं. वाचता येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वाचलं आणि पाठवलं. वर 'लई उपकार झाले सायब' असंही लिहिलं. स्वतःच्या हातानं चोराचे उपकार मानणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

थोड्या वेळानं व्हाट्सप बंद. मला वाटलं रेंज गेली. साहेबाचा फोन येईल म्हणून मी लाईन मोकळी ठेवून बसलो, आणि तेवढ्यात विहीणबाईचा फोन आला. म्हणजे माझ्या सुनेची आई. राहते केदारखेड्याला. नवरा गेलेला, शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मी म्हटलं, हिला आत्ताच काय सुचलं? कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला.

दोनदा. हे मी मोजून सांगतो, कारण त्या दोन वेळांचा हिशोब दुसरीकडं कुठंच लिहिलेला नाही.

दुपारी तीनला माझ्या जुन्या ड्रायव्हरचा फोन आला. "काय रे मास्तर, तू मला 'प्रिय मित्र' कधीपासून म्हणायला लागलास? इतकी वर्षं शिवी दिल्याबिगर तू माझ्याशी बोलला न्हाईस. 'प्रिय मित्र, अर्जंट मदत पाहिजे' म्हणं. मला तेव्हाच कळलं, ह्यो तू न्हाईस. तुझ्या नावानं कोणीतरी पैसे मागून राह्यलंय लेका!"

त्याच क्षणी मला सगळं कळलं. तरी मी काय केलं असेल? गाव गोळा केला? पोराला फोन लावला? नाही. मी फोन बंद करून खिशात टाकला आणि उसाला पाणी दिलं. ज्याला आधीच पाणी दिलेलं होतं, त्याच उसाला.

आता रेणुकाचं सांगतो. रेणुका माझी सून. आमचा संतोष जालन्याला सळईच्या कारखान्यात, रविवारी घरी. घरातला फोनचा कारभार रेणुकाकडं. शिवणकाम करते, आणि पाच-सात गावांच्या बायका तिला ब्लाऊजच्या डिझाईनचे फोटो फोनवर पाठवतात, मापं पाठवतात, तारखा पाठवतात. तिचं दुकान म्हणजे तो फोन. तिनं घरातल्या सगळ्यांच्या व्हाट्सपला जास्तीचा सहा आकडी पिन लावून दिला होता. माझ्याही. मधूनमधून ते ॲप पिन विचारायचं आणि मी वैतागायचो — एकदा तिकीट फाडल्यावर मास्तर परत विचारतो का? मीच तिला तो काढायला लावला. "राहू द्या मामा," ती म्हणाली होती, "दाराची आतली कडी हाय ती." आमच्याकडं सुना सासऱ्याला मामा म्हणतात. मी म्हटलं, "मला कोण लुटतंय?"

दिवस कलला आणि वडाप जीपमधून विहीणबाई दारात उतरली. केस सुटलेले, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात कुणा पोराची वाटावी अशी. दुपारच्या खिचडीचा वास तिच्या लुगड्याला तसाच. अंगणात रेणुका कणीक मळत होती. विहीणबाई तिच्याकडं बघत राहिली. मग जवळ जाऊन तिनं तिचे दोन्ही कणकेचे हात धरले, उलटे केले, सुलटे केले, जसं काही ते हात खोटे असतील.

"तू दवाखान्यात व्हतीस ना गं?"

"कोण? मी? आई, काय झालं?"

तिला माझ्या नावानं मेसेज आला होता. पोरगी दवाखान्यात आहे, फोन करू नका, आत फोन चालत नाही, ह्या नंबरावर पैसे टाका. रेणुकाचा फोन लागेना, कारण आमच्याकडं सकाळपासून लाईट नव्हती आणि तिच्या फोनची चार्जिंग संपलेली. मग तिनं मला लावला. "दादांनी दोनदा कापला," विहीणबाई रडत सांगत होती, "मंग मला खरंच वाटलं. म्हणलं डाक्टरसमोर असतील." बाजूच्या किराणावाल्याला रोख देऊन तिनं त्याच्या फोनवरून पैसे टाकले. साठवलेले होते. किती, ते सांगत नाही. खिचडी शिजवून साठतात तेवढे.

चोराला पटवून द्यायला जे कमी पडत होतं ते मी पुरवलं होतं. फोन कापून.

संतोष तासाभरात जालन्याहून निघाला, दिवेलागणीला पोचला. रेणुकाचं एकच चालू होतं, "आत्ताच्या आत्ता तक्रार करू. लवकर केली तर पैसे मधीच अडवता येत्यात. मामांचा फोन घेऊन ठाण्यात जाऊ." माझा फोन घेऊन! तक्रारवाला पहिलंच विचारणार — आकडे कुणी दिले, कुणाला दिले, का दिले? आणि मग? 'नामदेवच्या आधी ऊस तोडायचा होता' हे ठाण्यातून गावात यायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "थांबा. गावात तमाशा नको. सकाळी बघू."

संतोषनं विचारलं, "अण्णा, तुम्ही कोड-बिड दिल्ता का कुणाला?"

"मला काय येड लागलंय? पास तपासून म्हातारा झालो मी!"

"मंग असं झालं कसं?"

इथं मी थांबलो. तुमच्याशी बोलताना आत्ताही थांबलो. कारण इथून मागं जाता आलं असतं. समोर चार माणसं होती, सगळी आपली. एक वाक्य पुरलं असतं.

मी ते वाक्य बोललो नाही. मी एक प्रश्न विचारला. साधा.

"घरात सगळ्यांच्या फोनच्या सेटिंगा कोण करतं?"

आणि गप्प उभा राहिलो.

गाडी तिच्याकडं बघायला लागली. आधी माझी बायको. मग संतोष. मग — हे मला सगळ्यात जास्त आठवतं — तिची स्वतःची आई. रेणुकानं माझ्याकडं बघितलं. चिडून नाही. पास दाखवताना आपला पास आपल्याच खिशात का सापडत नाही असं वाटून माणूस बघतो ना, तसं. तिला खरंच वाटलं असेल का, की आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं?

"दिवसभर त्या डबड्यात तोंड घालून बसती," बायको म्हणाली, "शंभर ठिकाणच्या बाया, शंभर फोटो. आलं असंल त्यातूनच कायतरी." तिनं रेणुकाचा फोन घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. संतोष काही बोलला नाही. मीही नाही. मी तर काही म्हटलंच नव्हतं! मी फक्त विचारलं होतं.

सकाळी विहीणबाईच्या नावानं तक्रार झाली, माझ्या फोनपर्यंत कुणी आलं नाही; पण पैसे तोवर पुढं गेलेले. कोण घेऊन गेला ते आजवर कळलं नाही.

चोरानं माझ्या व्हाट्सपला स्वतःचा पिन लावून ठेवला होता — मी नको म्हटलेली कडी त्यानं आतून घातली. सात दिवस थांबावं लागलं. आठव्या दिवशी माझा फोन रेणुकाच्याच हातात दिला, दुसऱ्या कुणाला ते येतच नव्हतं. ती ओट्यावर बसली. मी समोर पेपर उलटा धरून. काही वेळानं चालू झालं आणि जुने मेसेज खाली उतरायला लागले. तिचा अंगठा वर गेला, खाली आला आणि एका ठिकाणी थांबला. किती वेळ? एखादा स्टॉप घ्यायला गाडी थांबते तेवढाच. मग तिनं फोन माझ्यासमोर ठेवला.

"चालू झालं, मामा."

एवढंच. मी गोठ्यामागं जाऊन तो साहेब, ते सहा आकडे आणि माझे 'लई उपकार' पुसून टाकले. पण तिनं बघितलं होतं का? तेव्हापासून मी तिला तपासायला लागलो. चहा ठेवताना कप जोरात ठेवला का? भाकरी माझ्या ताटात शेवटी आली का? ती काही बोलायची नाही आणि मी तिच्या न बोलण्यावर संशय घेत राहायचो. चोर मी, आणि पाळतही मीच ठेवून होतो.

लग्नसराई आली. बायका दारापर्यंत यायच्या, "रेणुका, फोन का लागंना गं?" ती म्हणायची, "बिघडलाय." त्या पलीकडच्या गावातल्या शिवणवालीकडं जायला लागल्या. मशिनीवर तिनं चादर घातली. मी रोज त्या चादरीसमोरून जायचो. बायकोच्या कमरेची किल्ली वाजायची. कोणत्याही दिवशी एक वाक्य पुरलं असतं. मी हवापाण्यावर बोलायचो.

उसाचं बिल आल्यावर मी विहीणबाईचे पैसे भरून दिले. सगळे. तुम्हाला वाटेल, चला, काहीतरी केलं. ऐका पुढं. विहीणबाई पदर पुढं करून पाया पडली, "पोरीची चूक पोटात घातली दादांनी." आणि मी — मी मागं सरकलो नाही. तो नमस्कार मी घेतला.

मग नामदेव. चहाच्या हॉटेलात बसल्या बसल्या त्यानं सहज काढलं. "मास्तर, त्या दिवसांत मलाबी आल्ता शेतकी सायबाचा मेसेज. आकडे पाठवा, चिट्ठी काढतो. समद्या गटात पाठवला व्हता त्या भडव्यानं. मी म्हणलं, बिलकुल न्हाई. सखूबाईच्या म्होरं माझी चिट्ठी कशी निघंल? म्हातारीच्या दारावरून जातो मी रोज. गाडी काढली, हापिसात गेलो, सायबालाच विचारलं. सायब म्हणला, 'बराबर केलं, मी असं कवाच मागत न्हाई.'"

बघा. ना पिन, ना पासाची परीक्षा. त्याला रांग मोडायची नव्हती, म्हणून तो वाचला. मी चहा अर्धा सोडला. त्या साली माझा ऊस तिसराच तुटला, तुऱ्यासकट, आणि नामदेवनं आपल्या फडातली टोळी मुकादमाशी बोलून थेट माझ्याकडं वळवून दिली होती, मध्ये एक दिवस न जाऊ देता.

हेच नामदेवच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं, असले मेसेज घरोघरी आल्ते म्हणून. बायको घरी आली, कपाट उघडलं आणि फोन रेणुकाच्या मशिनीवर ठेवला. माफी-बिफी आमच्याकडं शब्दांत मागत नाहीत. त्या दिवशी तिनं वरणात तूप जास्त वाढलं.

आणि मग रेणुकानं नियम काढला. ऊन तापलेलं, घराच्या धाब्यावर कुरडया वाळत होत्या, आम्ही खाली सावलीत. ती म्हणाली, "घरातल्या परत्येकाचा एक खुणेचा शब्द ठरवू. नव्या नंबरावरून कुणी काय मागितलं, तर आधी शब्द विचारायचा. शब्द न्हाई, तर माणूस न्हाई." बायकोनं मेलेल्या म्हशीचं नाव ठेवलं आणि डोळे पुसले. संतोषनं काय ठेवला ते त्यानं रेणुकाच्या कानात सांगितलं आणि दोघं हसले.

माझी पाळी. मी ऐटीत म्हटलं, "डबल बेल!"

"न्हाई मामा, ते समद्या डेपोला माहीत हाय." ती काजं करत होती, मान खाली. "असा शब्द पायजे, जो चोराला सुचणार न्हाई आन् तुम्हाला इसरता येणार न्हाई." दोरा दातानं तोडला. "'चिट्ठी' ठेवू?"

बायको म्हणाली, "कसली गं चिट्ठी?"

"उसाची, आत्या. दुसरी कसली?"

तिनं वर बघितलं नाही. मी म्हटलं, "ठेव."

ती आजवर कुणाला बोलली नाही. का, ते मी विचारलेलं नाही. गावात मात्र मी आता फसवणुकीवर भाषणं देतो. आकडे देऊ नका, पिन लावा, जुन्या नंबरावर फोन करून आवाज ऐका. लोक म्हणतात, मास्तरला लई कळतं. मागच्या महिन्यात मेव्हण्यानं नवीन नंबरावरून फोन केला, तर मी त्याला विचारलं, तुझ्या वरातीत बस कुठं पंक्चर झाल्ती? तो म्हणाला, तुझ्याच घरासमोर, येड्या. असे सगळे हसतात आणि मीही हसतो.

परवा, रविवारी, जालन्याच्या स्टॅंडवर माझा फोन बंद पडला. गावाची गाडी चुकली होती, आता अंबडपर्यंतचीच मिळणार होती. शेजारच्या माणसाचा फोन मागून घेतला आणि घरी लावला. रेणुकानं उचलला.

"मी बोलतोय गं. संतोषला म्हणावं, अंबडला गाडी घेऊन ये."

"कोण मी?"

"मी, मामा!"

"खुणेचा शब्द सांगा."

मागं मशिनीचा आवाज चालू होता, तो थांबला. फोनवाला माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता. बाकावरच्या दोन बायकाही.

"चिट्ठी," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. "मामाच हायेत." आणि मशीन पुन्हा सुरू झाली.